नळाचा दिवस

साडेसहाचा गजर. जेबराज आधीच गुडघ्यांवर.
त्याची प्रार्थना तमिळमध्ये,
माझी अर्धी तेलुगू, अर्धी सोलापुरी,
आणि मध्येच वरच्या मजल्यावरचा मिक्सर.
शर्ट पांढरा. रोजच. खिशावर काळी पाटी:
एल्डर गड्डम.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या शेषरावनं पहिल्या दिवशी विचारलं,
म्हंजे काय?
ज्येष्ठ. वडीलधारा.
वय?
एकोणीस.
त्यानं इस्त्री उभी केली, माझ्या ओठावरची लव बघितली,
आणि तेव्हापासून,
"वडील, कॉलर लई मळली ओ."

जेबराजला सोडून मी कुठं जायचं नाही,
मला सोडून त्यानं.
सिटी बसमध्ये एकच सीट रिकामी असली
तर दोघंही उभे.
बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यात पाय टाकायचा नाही
आणि बोलावणारे थोडे.
एन-सातपासून टीव्ही सेंटर, तिथून हडको,
ज्यानं फोनवर 'या की' म्हटलेलं असतं
त्याच्या दाराला बहुतेक कुलूप.
जेबराज वहीत वेळ लिहितो. कुलपाचीसुद्धा.

आणि चहा.
सात महिने झाले, या शहरात चहाला नाही म्हणणं
मला अजून जमलेलं नाही.
डॉक्टरनं बंद केलाय का?
उपास हाये का?
का आमच्या हातचा चालत नाही?
तिसरा प्रश्न आला की मी पाणी मागतो
आणि पेला तोंडाला लावून,
त्यांच्या डोळ्यांदेखत, सगळं पितो.

गयाबाई डोईफोडे. दर गुरुवारी, तिसरा मजला.
तीस वर्षं घाटीत आया होत्या.
डोळे मिटून ऐकतात,
झोपल्यात असं वाटलं की म्हणतात, पुढं?
आज माझी तयारी पक्की होती:
विहीर, भर दुपार, पाण्याला आलेली परकी बाई,
आणि ते पाणी, जे प्यायल्यावर पुन्हा तहान लागत नाही.
रात्री जेबराजला दोनदा म्हणून दाखवलेलं,
जोडाक्षरांसकट.

दोन वाक्यं झाली असतील.
गयाबाईंनी बोट वर केलं. चूप.
खाली कुठंतरी पाइप खोकला.
"आलं!"

नऊ दिवसांनी आलेलं पाणी
तिसऱ्या मजल्यावर चढत नाही.
आम्ही चढवलं.
टाय शर्टाच्या बटणांत खोचून,
पिंप, दोन ड्रम, पातेली, कुकरसुद्धा.
जिन्याच्या पायऱ्या बेचाळीस,
जेबराज प्रत्येक खेपेला तमिळमध्ये मोजत होता.
दुसऱ्या मजल्यावरची कुणी म्हणाली,
ए पोरा, माझीबी घागर घे की,
मग घेतली.
माझी पाटी ड्रममध्ये पडली.
गयाबाईंनी पळीनं काढली, पदरानं पुसली,
खिशाला उलटी लावली.
मी संध्याकाळपर्यंत तशीच राहू दिली.

मग त्यांनी गॅस पेटवला.
मी तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसलो.
"ठाऊक हाये मला. भाच्यानं सांगितलंय,"
म्हणाल्या, आणि नव्या पाण्यात सुंठ टाकली, गूळ टाकला.
"हे तरी चालतंय का तुमच्या देवाला?"
जीभ पोळली माझी.

"हं. काय सांगत होतास त्या विहिरीचं?"
एक बाई होती, म्हणालो, भर दुपारी पाण्याला आली.
"दुपारी?"
त्या थांबल्या.
"एकटी?"
हो.
"म्हंजे गावातल्या बायका तिला
सकाळी लाइनीत उभं राहू देत नसतील."

मला पुढचं आठवेना.
म्हणजे आठवत होतं सगळं, जोडाक्षरांसकट.

रात्री खोलीवर जेबराजनं वही उघडली,
बराच वेळ पेन हवेत धरून बसला,
मग लिहिलं: धडा, अर्धा.

सोमवारी आईशी बोलायची परवानगी.
तिच्यामागं यंत्रमाग, खडाखडा, नेहमीसारखे,
त्यामुळं दोघंही ओरडून बोलतो.
किती लोक आले रे तुझ्याकडं?
काय?
लोक, लोक! किती?
मी म्हणालो, सत्तावीस घागरी.
तिला ऐकू गेलं नाही.