अंबाडा

आईच्या अंबाड्यात एक पुस्तक असे,
अक्रोडाहून जरासं मोठं.
दीडशे स्तोत्रं, मुंगीएवढ्या अक्षरांत.
वर केस, केसांवर काळी टोपी,
टोपीवर सेव्हेनच्या डोंगरांचं आभाळ.

मी रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घालायचे.
रात्रभर ते कुरतडत,
घर त्या आवाजानं भरून जाई
आणि त्याच्या आडोशाला आई वाची.

बाबांनी सही केली होती.
देवळाच्या दारात मेज मांडलं होतं, वर राजाचा कागद:
जुना धर्म सोडला, म्हणून.
लिहिता येत होतं तरी त्यांनी
नाव घातलं नाही, फुली मारली.
आई त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही.
वाचायला बसली की दिवा मात्र त्यांच्या हाती देई.
ते भिंतीकडे तोंड करून
तो धरून उभे राहत.

सही केलेल्यांच्या घरीही घोडेस्वार उतरलेच.
आमच्याकडे चौघे.
घोडे बांधले किड्यांच्या खोलीत.
तिसऱ्या दिवशी मी सुपं भरून मेलेले किडे
ओढ्यात टाकून आले.
मग घरात इतकं सामसूम
की पान उलटलेलंही ऐकू आलं असतं.

चेस्टनटचं सार वाढायला आई वाकली.
काटा सुटला.
मिठाच्या वाडग्यात टप्पकन.

सर्वांत धाकट्यानं ते उचललं, बाहीला पुसलं.
पिकार्डीचा पोर, फ्लोरिमाँ, अजून मिशी नव्हती.
उलटं धरून पाहत राहिला.
मला वाटलं, परत देतो आता.
पण नायकानं हात पुढे केला.
‘कुणाचं?’

आईचे केस पाठीवर सुटलेले.
उत्तर सगळ्यांना दिसत होतं.

‘माझं,’ बाबा म्हणाले.

‘तुझं? मग वाच.’

बाबांनी पुस्तक हातातही घेतलं नाही.
भिंतीकडे तोंड केलं,
जसे रोज उभे राहत,
आणि म्हणत गेले,
एक संपलं की दुसरं,
सार निवेपर्यंत.

त्यांना मार्सेयला नेलं, वल्ह्यांना जुंपायला.

दोन वर्षांनी एक सुया विकणारा आला.
बंदरातल्या वहीत त्यानं पाहिलं होतं:
एली रूर, पिंपवाला, धर्म जुनाच.
त्याच्याच हातची सही, म्हणाला, अख्खं नाव.

आईनं सुया घेतल्या. पैसे मोजले.
तो उंबऱ्याबाहेर पडल्यावर हाक मारून विचारलं,
‘अक्षर कसं होतं?
डावीकडं कलतं का जरा?’