काळी रेघ

बाबांचा उजवा पाय अजून ट्रकमध्येच आहे.
बाकीचा माणूस सात वर्षांपूर्वी उतरला,
हिंडलग्यात घर बांधून, दारात चिक्कू लावून बसला.
पाय मात्र जेवतानाही टेबलाखाली
दाबतो, सोडतो. दाबतो, सोडतो.

तीस वर्षं असाच ब्रेक मारला त्यांनी.
एकदम दाबला की चाक जाम,
आणि जाम चाक स्टीअरिंगचं ऐकत नाही,
निघालं त्याच तोंडानं घसरत जातं.
हे त्यांना एका रात्री कळलं, चोर्ल्याच्या उतारावर,
काजूच्या पोत्यांसकट.
आम्हाला कधी सांगितलं नाही. पायाला सांगितलं.

मला गाडी शिकवली खानापूरच्या इनास मास्तरांनी.
उद्यमबागेत, बंद फाउंड्रीच्या मागं,
फरशीवर चार बादल्या पाणी ओतून म्हणाले,
मार ब्रेक. सगळा.
मारला. पेडल तळव्याखाली थडथडलं,
कुणीतरी आतून दार ठोठावल्यासारखं.
मी पाय उचलला.
"उचलू नको की! बिघडली नाही गाडी, काम करतीया."

मग काडीनं मातीत एक कडं काढलं, दात्यांचं.
प्रत्येक चाकाशी असं कडं, कड्याशी दाते मोजणारा एक.
एका चाकाचे दाते अचानक थांबत आले
की तेवढ्याच चाकाचा ब्रेक निमिषभर सैल,
पुन्हा घट्ट. सेकंदात दहा-पंधरा वेळा.
"भरमाणीचा पायच म्हण," मास्तर म्हणाले,
"पण चार. आणि न दमणारे.
तू फक्त दाबून धर, आणि जायचं तिकडं बघ.
चुकवायचं त्याच्याकडं बघशील तर त्याच्यावरच जाशील.
आणि सुट्ट्या खडीवर ऐट नको,
तिथं ही जास्तच लांब जाऊन थांबते.
पुढच्या गाडीपासनं अंतर यंत्र ठेवत नाही. तू ठेवायचं."

डिसेंबर. बाचीच्या अलीकडचं वळण.
धुकं, रस्त्यावर सांडलेली पाचट, तिच्यावर दंव,
आणि एकाएकी उसाची ट्रॉली,
मागं दिवा नाही, लाल चिंधीसुद्धा नाही.
मी सगळा पाय दिला.
थडथडथडथड.
उचल, पाय म्हणाला. मी नाही ऐकलं.
उजवीकडं रस्ता रिकामा होता, मी तिकडं बघितलं,
आणि गाडी, ब्रेक लागलेला असताना, वळली.
उसाचे शेंडे काचेला घासत गेले.

थांबलो तेव्हा शेजारी बाबांचा पाय
रबराच्या मॅटवर चाललाच होता,
दाबतो, सोडतो,
मॅटला तिथं खळगा पडलाय, मी आज पाहिला.

ते उतरले. मागं चालत गेले, वाकून रस्ता बघितला,
पाचट चपलेनं बाजूला सारली.
"काळी रेघ नाही," म्हणाले.
तीस वर्षांत त्यांनी रेघा वाचल्या होत्या,
कोण कुठं घाबरला, कोण किती उशिरा.
इथं वाचायला काहीच नव्हतं.

वळणावरच्या पाटीवर कन्नडमध्ये लिहिलंय: निधान.
म्हणजे हळू. आमच्या मराठीत निधान म्हणजे ठेवा,
पुरून जपलेला.
बाबांना दोन्ही भाषा येतात.
पाटीकडं बघत ते परत आले, बसले,
बेल्ट लावला, कधी नव्हे तो न सांगता,
आणि म्हणाले, "ट्रॉलीला पुढं जाऊ दे की.
घाई कुणाला आहे?"