चुक्के गुरुतिन प्रश्न

खानापुरात तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान.
आमदारांचा पीए प्रश्न आणतो तोंडी,
मी तो कन्नडात बसवतो,
पोटभाग पाडून,
आणि शेवटी न चुकता : असल्यास, कधी ?

धोंडझरीच्या यल्लूबाईनं सांगितलं होतं असं :
साकव गेला की ओ वाहून.
पोरं एकमेकांची दप्तरं धरून जातात शाळंला,
आणि माझी सून अडली तेव्हा
दाराची फळी काढून तिच्यावरनं नेली पलीकडं.
मी लिहिलं : कालुसंक.
दार लिहिलं नाही.
दाराला रकाना नव्हता.

डिसेंबरात अधिवेशन बेळगावात भरलं,
आमचा प्रश्न लागला.
चुक्के गुरुतिन, म्हणजे तारांकित.
चुक्के म्हणजे चांदणी, मी यल्लूबाईला समजावलं.
ती म्हणाली, 'माझी कसली चूक ?'

आमदार उभे राहिले चाळीस सेकंद.
व्हिडिओत मागचे बाक निम्मे रिकामे,
एकजण जांभई देतोय,
आणि सतराव्या सेकंदाला ते म्हणतात, 'दोंडजरी.'
ध गेला, झ गेला,
तरी सगळ्यांनी ओळखलं.
गिरणीवर, डेअरीत, मळणीच्या खळ्यावर
बोटानं मागं ओढून ओढून
तेवढाच शब्द ऐकत राहिले लोक.
भरमाणी गुरवानं तर नारळ फोडला,
मोबाईलपुढं.

उत्तर आलं छापील, दोन ओळींचं :
पाहणीवेळी ओढ्यास पाणी घोट्याएवढे आढळले.
बाब परिशीलनेत आहे.
पाहणीची तारीख दहा डिसेंबर.

पीएनं झेरॉक्स काढायला लावल्या पन्नास,
वर आमदारांचा हसरा फोटो,
खाली प्रश्न, उत्तर जरा बारीक अक्षरांत.
घरोघर वाटल्या. माझं बिल अजून यायचंय.
पण खोटं कशाला बोलू,
व्हिडिओ मीही पाहिला चार-पाच वेळा.
त्यातला 'कधी' माझा होता.

जुलैत यल्लूबाई आली,
छत्री दाराशी उपडी ठेवली,
कनवटीतून लगदा काढला.
तीच झेरॉक्स, ओढा उतरताना भिजलेली,
फोटोतलं हसू फुटून कानापर्यंत गेलेलं.
'दुसरी दे,' म्हणाली,
'आणि ह्या टायमाला प्लास्टिकात घालून दे की.'

लॅमिनेशनचे वीस होतील, मी म्हटलं.
तिनं पंधरा मोजले
आणि बाकावर बसून राहिली.