डॅन्यूबला राजधान्या किती

नाना नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पासपोर्ट मोजायचे.
कोरे. ना फोटो, ना नाव, ना कुणाची जन्मतारीख.
सुटताना गेटवर दोन्ही हात वर,
खिसे उलटे, डब्याचं झाकणसुद्धा उघडून दाखवायचं.
तरी रोज संध्याकाळी
ते एखादी नदी घेऊन यायचेच घरी.

"व्होल्गा कुठे मिळते?"
कॅस्पियनला.
"तो समुद्र की तळं?"
नाव समुद्राचं, जात तळ्याची.
"ओडर?"
काय आणू, म्हणायचे मी, आणि टपली खायचे.

मला पो आवडायची.
एक अक्षर, त्यावर एक मात्रा नि एक काना,
एवढ्यावर अख्खी उत्तर इटली भिजवते बया.
आई तव्यापाशी म्हणायची,
पोळी म्हणायला निघाली असेल, अर्ध्यात दमली.

ॲटलास जुन्या बाजारातला.
पहिल्या पानावर कुणा सुधन्वा पेखळे, आठवी ब.
रशिया गुलाबी, पानाबाहेर सांडलेला,
युगोस्लाव्हिया शाबूत.
नाना त्यावर खाकी कव्हर घालायचे दर जूनमध्ये,
माझ्या वह्यांच्या आधी.

चौऱ्याण्णव साल. आंतरशालेय प्रश्नमंजूषा, शालिमारजवळचा हॉल,
पंखे आवाज करणारे, नाना तिसऱ्या रांगेत.
शेवटचा प्रश्न:
डॅन्यूब किती राजधान्यांमधून वाहते?
मी बोटंही मोजली नाहीत. तीन.
व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड.

चार, म्हणाले परीक्षक. ब्रातिस्लाव्हा.
नवा देश झालाय, वर्ष उलटून गेलं.
आमच्याकडे पेपर यायचा,
ती बातमी बहुधा पोह्यांखाली गेली.

नदी होती तिथेच होती. शहरही.
फक्त पाटी बदलली,
आणि भगूरच्या एका मुलाला चषक मिळाला.

सीबीएसवरून परतीची बस. नाना खिडकीशी.
द्वारका गेलं. पूल आला.
मी विचारलं, सूड म्हणून नाही,
बरं, थोडा सूड म्हणून,
"ही नासर्डी कुठे उगम पावते?"
पूल संपला.
उत्तर द्यायला पुरेल एवढा लांब नाहीच तो.
"त्र्यंबकच्या बाजूनं कुठूनतरी," म्हणाले,
आणि उपनगर आल्यावर,
"ॲटलासात नाहीये ती."

घरी येऊन त्यांनी लाल बॉलपेननं
व्हिएन्नाच्या उजवीकडे एक ठिपका दिला.
इतका दाबून की मागच्या पानावर,
भूमध्य समुद्रात,
एक बेट उगवलं.

आता मी पाणी तपासते. महापालिकेची नोकरी.
रामकुंड, मग पुढे, मग टाकळी,
दोरीला बांधलेली बाटली, लेबलवर वेळ नि तापमान.
विरघळलेला ऑक्सिजन किती, ते रकान्यात.
नदीची परीक्षाच ही.
नापास झालीच तर पुढे काय करतात,
हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

निवृत्तीनंतर नानांनी स्वतःचा पासपोर्ट काढला.
टपालानं आला तेव्हा आधी पानं मोजली, दोनदा.
मग उजेडाला धरून शिलाई पाहिली.
फोटोचं पान सगळ्यात शेवटी.
"छपाई बरी आलीय," एवढंच.
दहा वर्षांनी मुदत संपली.
पानं जशी निघाली होती, तशीच.

परवा टाकळीला होते, गुडघाभर फेसाशी,
फोन वाजला.
"नीपर कुठे मिळते?"
काळ्या समुद्राला, नाना. कामावर आहे मी.
"कामावर म्हणजे कुठे?"
टाकळीला. संगमावर.
"कोण कुणाला मिळते तिथे?"

त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे.
तरी मी बाटलीचं झाकण नीट लावलं,
पुसली, उभी ठेवली,
मग सांगितलं, डावी-उजवी बाजू सकट.

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज.
"थांब जरा," म्हणाले,
"लाल पेन कुठे गेला."