उलेज

तेल मोजत नाही मी. आधीच सांगून ठेवतो,
कारण गावाकडे सगळ्यांचा तसा समज आहे.
टाकीच्या तोंडापासून तेलाच्या पाठीपर्यंत
जी मोकळी जागा उरते, ती मी मोजतो,
मिलिमीटरपर्यंत. तिला उलेज म्हणतात.
फहाहीलच्या खोलीत एकदा मराठी शब्द शोधत बसलो होतो.
पोकळी म्हटलं तर फार मोठं वाटलं,
रितेपण म्हटलं तर रडल्यासारखं.
राहू दे. उलेज.

मीना अल अहमदी, रात्रीचे अडीच.
किनाऱ्यापासून दूर, लोखंडी धक्क्याला
हे जहाज आलं तेव्हा इमारतीसारखं उभं होतं,
आता भरता भरता खाली बसलंय,
जेवून उठता न येणाऱ्या पाहुण्यासारखं.
वीस लाख पिंपं. जाणार कोरियाला,
होर्मुझच्या चिंचोळ्या गळ्यातून,
जिथं जहाजांना आवंढ्यासारखं जावं लागतं.
पुढे त्या तेलाचं काय होतं, मी बघितलेलं नाही.
कुणाच्या खोलीत ऊब, कुणाच्या मोरीत बादली.

सतरा टाक्या. प्रत्येकीत टेप सोडायची,
तेलाला टेकली की ती पीं करून ओरडते.
चौथ्या टाकीशी बोटं पोळली
आणि तोंडातून गेलं, "आयला!"
मागून हसू आलं.
"कंचं गाव?"

महमद शरीफ बुरोंडकर, पंपमन. दापोलीकडचा.
सात महिने जमिनीला पाय नाही.
फहाहीलचे दिवे दाखवून म्हणाला,
"तिथं भाजी मिळते का ताजी? मेथी?"
मिळते म्हटलं. बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

मग मी टेप गुंडाळताना तो सहज बोलला,
की घरी बायकोकडे हे यंत्र नाही,
पण सिलिंडरवरून ती ओलं फडकं फिरवते
आणि गप्प उभी राहते.
वरचं पटकन वाळतं.
जिथवर ओल टिकते, तिथवर गॅस.
तिथं खडूनं रेघ मारते.
फोनवर सांगते, "चार बोटं उरलाय,
नंबर लावलाय, दहा दिवस म्हणतात."
"आजवर चुकली नाही कधी," तो म्हणाला,
आणि आठव्या टाकीचं झाकण उघडायला पुढं गेला.
पायाखाली वीस लाख पिंपं होती.
त्याबद्दल तो काहीच बोलला नाही, मीही नाही.

पहाटे आकडे जुळवले.
जुळले नाहीत. कधीच जुळत नाहीत.
किनारा म्हणतो इतकं दिलं,
जहाज म्हणतं इतकं मिळालं,
मधे अकराशे चाळीस पिंपं
कुठल्या पाइपात, कुठल्या गणितात, कुठल्या उष्णतेत.
त्यासाठी एक छापील निषेधपत्र असतं.
चीफ ऑफिसरनं सही केली, धक्क्यावरच्यानं केली,
मी केली. तिघांनी मिळून चहा प्यायला.
इतक्या सभ्यपणे भांडणारं दुसरं
मी काही पाहिलेलं नाही.

होडीतून परतताना जहाज वळत होतं.
चार टगबोटी त्याला ढकलत होत्या,
आणि डेकवर नारिंगी डांगरीतला एक ठिपका
हात हलवत होता की नळ पुसत होता,
कळलं नाही. मी हात केला.

संध्याकाळी मेथी आणली. निवडली.
मग आठवलं म्हणून फडकं भिजवलं,
खोलीतल्या सिलिंडरवरून फिरवलं,
आणि गप्प उभा राहिलो तिच्यासारखा.
ऑगस्ट होता. खिडकी उघडी.
वर-खाली सगळं एकदमच वाळलं.

अठरा वर्षांचा अनुभव माझा.
रेघ कुठं मारायची
समजलं नाही.