वडाळा डेपो, घारापुरी

लाँच धक्क्याला लागताना
शिगवणचा उजवा पाय
फळीवर ब्रेक शोधत होता.

आम्ही अकरा ड्रायव्हर, रजा जुळवून आलेले,
आणि बेटावर एकही मोटार नाही.
हॉर्न नाही. कोंबडा आरवला, तेवढाच.
खेळण्यातल्या रेल्वेत कुणी बसेना.
पायऱ्यांवर माकडाने पास्तेंचा डबा पळवला, घावन्यांसकट,
तरी पास्ते ओरडले नाहीत,
रस्त्यावर रोज ओरडतात तसे.

लेण्यात, तीन तोंडांच्या देवासमोर
दस्तगीर म्हणाला, "याला आरसे लागत नाहीत."
हसलो.
मग कुणीच बोललं नाही बराच वेळ;
आरशात एकदा दिसलेलं काहीबाही
ज्याचं त्याला आठवत असावं.

परतताना शिगवण
तांडेलाकडे पाठ करून बसला,
बेट लहान होईतो बघत.
पाय मांडीखाली दुमडलेले,
दोन्ही.