पान त्रेसष्ट

भोसरीत एकतीस वर्षं मी मापं तपासली.
मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला
की लाल खडूची रेघ, आणि नग बाजूला.
आता धनकवडीच्या स्वयंपाकघरात
रूथ चक्रनारायण मला सांगतात,
‘लोणी इतकं मऊ हवं की बोट टेकलं तर खळगा पडावा,
पण बोटाला चिकटू नये.’
हे कुठल्या गेजनं मोजायचं?

पुस्तक अप्पा बळवंत चौकात मिळालं,
दहावीच्या जुन्या गाइडांखाली, साठ रुपयांना.
कव्हरवर बाई नाहीत, केकही नाही,
नुसता ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन,
झाकणाला काचेचा एक डोळा.
तसाच आमच्या माळ्यावर होता,
वासंतीच्या माहेरून आलेला,
आत गेल्या कित्येक दिवाळ्यांच्या पणत्या.
साचा बोहरी आळीतून आणला. सात इंची म्हणून दिला,
व्हर्नियर लावला तर पावणेसात.
ठेवून घेतला.

बाई लिहितात कमी, पण ठणकावून.
‘अंडी फ्रीजमधून काढली की लगेच फोडू नका,
त्यांनाही जरा खोलीत बसू द्या.’
‘मैदा तीनदा चाळा. दोनदा चाळून तीनदा म्हणू नका.’
‘ओव्हन उघडून बघावंसं वाटेल. वाटू द्या. बघू नका.’
असा एक फोरमन आम्हाला मिळाला असता
तर एकच खडू मला जन्मभर पुरला असता.

पहिला केक मधोमध बसला.
दुसरा लावला गुरुवारी.
गुरुवारी लाइट जाते, हे
पुण्यात जन्मून साठी गाठलेल्या माणसाला आठवू नये?
कॉइल काळी पडली,
आणि मी काचेच्या डोळ्यात डोळा घालून बसलो,
आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा.
तिसरा जमला.
तळमजल्यावरची अल्फिया तासाभरात तीनदा वर आली,
वाटी, पतंगाचा मांजा, घड्याळात किती वाजले.

मग पान त्रेसष्ट. आल्याची बिस्किटं.
‘खायचा सोडा दोन चमचे.’
पाव किलो मैद्याला दोन? चष्मा पुसला.
दोनच होते.
बाई म्हणतात म्हणजे
म्हणत मी घातले,
सुरीच्या पाठीनं सपाट करून, दोन्ही.

बिस्किटं फुगली, एकमेकांच्या अंगावर रेलली,
चव कपड्याच्या साबणाची.
वासंतीनं एक चावा घेतला, तांब्याभर पाणी प्यायली.
‘तुमच्या बाईंचं चुकलंय.’
छापखान्याचं, मी म्हणालो.
‘कुणाचं का असेना, तोंड माझं आहे.’

रात्री ते पान दिव्याशी तिरकं धरलं.
दोनच्या डोक्यावर कागद जरा खरबरीत होता.
कुणीतरी तिथं पेन्सिलीनं काही लिहिलं होतं,
मग खोडरबरानं पुसलं.
शिसं गेलं होतं, दाब राहिला होता.
‘अर्धा.’
म्हणजे हा साबण माझ्याआधीही कुणी खाल्ला होता,
आणि बाईंच्या पुस्तकात आपलं अक्षर नको
म्हणून मिटवून टाकलं होतं.
की विकताना दोन रुपये जास्त यावेत म्हणून?
कोण जाणे.

हात सवयीनं खिशाकडे गेला.
तिथं खडू नसतो आता, तीन वर्षं झाली.
मग पेन्सिलीला टोक काढलं
आणि त्याच खाचेतून हळूच फिरवली.
‘अ’ची शेपटी माझ्या हाताला वळत नव्हती,
तिच्या मागून गेलो.

सकाळी पुन्हा मळलं.
काही बिस्किटं कडेला करपली, दोन कच्ची निघाली,
शेकडा पंधरा रिजेक्शन, मी मनात मांडलं.
वासंतीनं चहात बुडवून एक खाल्लं.
बोलली काही नाही.
डबा मात्र
स्वतःच्या बाजूला ओढून घेतला.